आधी नुसतं उघडून बघ

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, ‘ताई, काना उमटत नाही, हलन्त उमटत नाही, आता म पण गेला. नवा लॅपटॉपच घ्यावा लागणार बहुतेक.’ तेव्हाच तुला थांबवायचं होतं, पण तुला प्रुफं पाठवायची घाई होती आणि मागे कुकर शिट्ट्या मारत होता. म्हणून आज सावकाश लिहितेय. नवा लॅपटॉप घेऊ नकोस. दुकानातही एवढ्यात नेऊ नकोस. दुखणं कीबोर्डचं दिसतंय, आणि तुझ्या मशिनचा कीबोर्ड घरी बदलता येतो. तुझा तुला.

हे मी तुझ्या त्या तीन अक्षरांवरूनच म्हणतेय. तू इनस्क्रिप्टवर टाइप करतेस. त्यात काना असतो इंग्रजी ‘ई’च्या बटणावर, हलन्त ‘डी’वर आणि म ‘सी’वर. आता कीबोर्डकडे नीट बघ, ही तिन्ही बटणं एकाखाली एक आहेत. बटणांच्या खाली प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात आणि त्यांवर चांदीच्या शाईने बारीक रेघा छापलेल्या असतात. प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते आणि एका रेघेवर बरीच बटणं बसवलेली असतात. सोसायटीत एका उभ्या पाइपवर सगळ्या मजल्यांची स्वयंपाकघरं असतात ना, तसंच हे. पाइप तुंबला की वरपासून खालपर्यंत सगळ्यांचे नळ कोरडे. पुष्कळ कीबोर्डांत ३, ई, डी, सी ही बटणं अशीच एका रेघेवर असतात. तेव्हा वरच्या रांगेतला ३ दाबून बघ. तोही मुका झाला असेल तर एखादी रेघ तुटलीय असं समजायला हरकत नाही. तीन बटणं एकाच आठवड्यात झिजून जात नाहीत.

आणि तू ओझरतं म्हणालीस, गणपतीत कुणाच्या तरी धक्क्याने चहा सांडला होता, पण ‘पुसला लगेच, काही झालं नाही’. साखरेचा चहा त्या दिवशी काही करत नाही गं. तो पापुद्र्यांच्या मध्ये शिरतो, चिकटून बसतो आणि सावकाश ती चांदीची रेघ खातो. महिन्या-दीड महिन्याने बटणं जायला लागतात, तोवर आपण चहा विसरलेलो असतो. पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे आत शिरलेला चहा काढता येत नाही. असा कीबोर्ड दुरुस्त करत बसायचं नसतं, बदलायचा असतो. पुढे कधी पुन्हा सांडलंच, तर पुसण्याआधी चार्जर काढायचा, बटण दाबून धरून मशीन बंद करायचं, बॅटरी काढायची आणि लॅपटॉप उघड्या पुस्तकासारखा पालथा घालून ठेवायचा. हेअर ड्रायर मारायचा नाही. तांदळाच्या डब्यातही ठेवायचा नाही, त्याने काहीच साधत नाही.

पण कीबोर्डच दोषी आहे याची आधी खात्री कर. भाषा बदलून इंग्रजीत ये आणि ई, डी, सी दाब. इंग्रजीत उमटली तर दोष मराठी लेआउटच्या सेटिंगमध्ये आहे, कीबोर्ड निर्दोष आहे, आणि पुढचं सगळं वाचायची गरज नाही. इंग्रजीतही उमटली नाहीत तर विंडोज आणि आर एकत्र दाबून ‘ओएसके’ टाइप करायचं. त्यात इंग्रजी ओ, एस, के एवढीच अक्षरं लागतात, ई, डी, सी नाही, म्हणजे तुला ते टाइप करता येईल! नाहीतर माउसने सेटिंगमध्ये जाऊन ऑन-स्क्रीन कीबोर्ड चालू कर. पडद्यावर जो कीबोर्ड येईल त्यात तू खरं बटण दाबलंस की तेच बटण उजळतं. एकेक करत सगळी बटणं दाबून बघ आणि जी उजळत नाहीत ती कागदावर लिही. मग शेजारून किंवा शाळेच्या लॅबमधून एक यूएसबी कीबोर्ड मागून आण आणि लाव. त्यावर सगळी अक्षरं नीट आली तर विंडोज ठीक आहे, दोष आतल्या कीबोर्डचाच. तो बाहेरचा कीबोर्ड लगेच परत देऊ नकोस. नवा बसेपर्यंत त्यावरच काम चालव. दिवाळी अंकांची कामं अंगावर असताना आठ दिवस हात बांधून बसणं तुला परवडणारं नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा लेखनप्रपंच. हा लॅपटॉप दोनदा उघडायचा. पहिल्यांदा नुसतं बघायला, नवा पार्ट हातात नसताना. सगळे उलटं करतात. मोबाईलवर मॉडेलचं नाव घालून कीबोर्ड मागवतात, तो आला की त्याच दिवशी पहिल्यांदा मशीन उघडतात, आणि मग कळतं की कीबोर्डला मशीनशी जोडणारी पट्टी डावीकडून हवी होती, ती मधून आलीय. तू आधी उघडून बघ. त्या पहिल्या उघडण्यात तीन कामं होतात. कीबोर्डच्या पाठीवरचा पार्ट नंबर मिळतो. आतली पट्टी सैल झाली असेल तर ती बसवून बघता येते, आणि कधीकधी तेवढ्यानेच काम भागतं, एक रुपया लागत नाही. आणि तिसरं, हाताला त्या जागेची ओळख होते. दुसऱ्या वेळी तू घाबरलेली नसतेस.

तुझं मशीन इन्स्पायरॉन १५ मधलं ३५४२ आहे. जुन्या बांधणीचं आहे, आणि या कामासाठी ती बांधणी फार चांगली. कीबोर्ड वरून बसवलेला आहे, वरच्या कडेच्या खटक्यांनी धरलेला. खालचं अख्खं झाकण खोलायची गरज नाही. या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल डेलच्या साइटवर फुकट मिळतं, चित्रांसकट. एचपी आणि लेनोव्होसुद्धा आपल्या बहुतेक मॉडेलांची अशी मॅन्युअलं ठेवतात. व्हिडिओ बघायला माझी ना नाही, पण आधी मॅन्युअल वाच. व्हिडिओवाला तुझ्यासारखाच दिसणारा दुसराच लॅपटॉप उघडत असतो आणि ते तुला अर्ध्यात कळतं.

दुपारी, सगळे बाहेर गेल्यावर बस. जेवणाचं टेबल रिकामं कर, एक पांढरी सुती चादर घाल. पांढरी अशासाठी की पडलेलं काहीही दिसतं. महत्त्वाच्या फायली आदल्या रात्रीच पेनड्राइव्हवर घेतलेल्या असू देत. कीबोर्ड बदलताना फायलींना धक्का लागायचं कारण नाही, तरी घेच. मशीन पूर्ण शटडाउन कर. चार्जर काढ. मग लॅपटॉप पालथा करून मागचे खटके सरकव आणि बॅटरी बाहेर काढ. ती बॅटरी टेबलावर सपाट ठेवून बोटाने हलकेच दाब. ती डुलली किंवा मधे फुगीर दिसली तर ती पुन्हा आत घालायची नाही, मग कीबोर्डआधी बॅटरी बदलायची. हे मी आग्रहाने सांगतेय. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही आणि घरातल्या कचऱ्यात तर टाकायचीच नाही. बॅटरी निघाली की पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धर, आत उरलेली वीज संपते. स्टीलच्या नळाला एकदा हात लाव आणि नायलॉनची साडी-ओढणी त्या दिवशी नको, अंगावरची स्थिर वीज मदरबोर्डला चालत नाही.

आता कीबोर्डच्या वरच्या कडेला, एफ-१, एफ-२च्या रांगेच्याही वर, बारीक फट दिसेल. तिथे खटके आहेत. लोखंडी पेचकस घालू नकोस, कडेला चरे पडतात. मुदत संपलेलं एटीएम कार्ड घे. एका टोकाच्या खटक्यापाशी कार्डाचा कोपरा घाल, खटका मागे रेट आणि तिथली कड जराशी वर उचल. मग पुढचा खटका. एक सुटल्यावर तो पुन्हा बसू नये म्हणून तिथे कार्ड तसंच ठेवून दुसरं कार्ड वापर. सगळे सुटले की वरची कड मोकळी होते. इथे थांब. इथेच लोकांचा घात होतो, कारण कड सुटली की हात आपोआप कीबोर्ड ओढून काढायला जातो. खालून पट्टी मदरबोर्डला जोडलेली आहे आणि ती आखूड आहे. कीबोर्ड वर ओढायचा नाही. वरची कड उचलून आपल्याकडे घ्यायची, कीबोर्ड स्वतःच्या पोटाकडे पालथा करायचा आणि हात टेकायच्या जागेवर आडवा ठेवायचा.

आता तुला दिसेल ती पट्टी, बोटभर रुंद, टोकाला सोनेरी-रुपेरी रेघा असलेली. ती एका बारक्या सॉकेटमध्ये गेलेली आहे. दुकानात त्याला नुसतं ‘लॉक’ म्हणतात. सॉकेटच्या पूर्ण लांबीवर एक काळी किंवा पांढरी प्लास्टिकची दांडी असते, काडेपेटीतल्या काडीपेक्षाही बारीक. तुझ्या मशिनमध्ये ही दांडी वर उचलायची आहे. काही दुसऱ्या लॅपटॉपांत ती दोन्ही टोकांना धरून किंचित बाहेर सरकवायची असते. दिवा जवळ घे, चष्मा लाव, आणि दांडी कुठे बिजागरीला आहे ते आधी बघ. मग नख तिच्या खाली घाल, मधोमध नाही, आधी एका टोकाला, मग दुसऱ्या, आणि ती उभी राहू दे. जोर लागत असेल तर चुकीच्या बाजूने उचलतेयस असं समज आणि हात काढ. दांडी उभी राहिली की पट्टी बोटांच्या चिमटीत धरून सरळ मागे घे, ती लोण्यातून निघावी तशी निघते. अख्ख्या कामात जपायची जागा ही एकच आहे. कीबोर्ड मोडला तर नवा येतो. ही दांडी मोडली तर सॉकेट मदरबोर्डला डाग देऊन बसवलेलं असतं, ते बदलायला मग खरोखरच कारागीर लागतो. तुझ्या हाताला सुईत दोरा ओवायची सवय आहे, पैठणीच्या पदराचं रफू तू करतेस. या दांडीला त्याहून जास्त काही लागत नाही.

आता पाठीवरचं लेबल. त्यावर पार्ट नंबर असतो, त्याचा फोटो काढ, स्पष्ट, सगळे आकडे दिसतील असा. पट्टी कुठून निघालीय तेही फोटोत येऊ दे. मग पट्टी पुन्हा सॉकेटमध्ये सरळ घाल. तिच्यावर एक आडवी रेघ असते, ती सॉकेटला समांतर दिसली पाहिजे. दांडी खाली बसव. कीबोर्ड तसाच सैल ठेवून बॅटरी लाव, चालू कर आणि ई, डी, सी दाबून बघ. उमटली तर देव पावला. बंद कर, बॅटरी काढ, खटके बसव, काम झालं. नाही उमटली तर तेच सगळं बसव आणि मला तो फोटो पाठव.

पार्ट मागवताना पार्ट नंबरशिवाय आणखी गोष्टी जुळवायच्या. एंटरचं बटण आडवं आहे का उभं, दोन रांगांचं? आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपांना अमेरिकन लेआउट असतो, एंटर आडवा. ब्रिटिश लेआउटचा एंटर उभा असतो आणि स्वस्तात मिळतो म्हणून काही विक्रेते तो गळ्यात मारतात. तो बसतो, चालतो, पण रोज मराठी टाइप करणाऱ्या बोटांना तो त्रास देत राहतो. तुझ्या मशिनला उजवीकडे आकड्यांचे स्वतंत्र खण आहेत, ते नव्यालाही हवेत. बटणांखाली दिवा असलेल्या मॉडेलांना जादा पट्टी लागते, तुझ्याला दिवा नाही, तेव्हा दिव्याचा घेऊ नकोस. किंमत साधारण हजाराच्या आत-बाहेर पडेल. ‘ओरिजिनल’ या शब्दाच्या मागे लागू नकोस. या वयाच्या मशिनसाठी कॉम्पॅटिबल कीबोर्ड पुरतो. परत घ्यायची सोय मात्र लेखी हवी. नाहीतर मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जाईन, तुझ्या फोटोवरून जुळवून घेईन आणि एसटीच्या पार्सलने साताऱ्याला पाठवेन. मला ते आवडेलही.

दुसऱ्यांदा उघडशील तेव्हा तेच सगळं, आणि हात सुटलेला असेल. फक्त एक क्रम पाळ: नवा कीबोर्ड जोडल्यावर खटके लगेच दाबायचे नाहीत. तो सैल ठेवूनच बॅटरी लाव, मशीन चालू कर आणि प्रत्येक बटण तपास. ऑन-स्क्रीन कीबोर्डवर एकेक उजळताना बघ, शिफ्ट दोन्हीकडचे, बाण, डिलीट, आकडे. मग मराठीत ये आणि ‘मामाच्या माडीवर म्हाताऱ्या आत्या’ असं काहीबाही टाइप कर, काना, हलन्त आणि म एका दमात तपासले जातात. सगळं ठीक असेल तर मशीन बंद करून बॅटरी काढ, कीबोर्डच्या खालच्या कडेचे दाते खाचेत सरकव आणि वरची कड अंगठ्याने दाबत ने. प्रत्येक खटक्याला ‘टक’ असा आवाज येतो. एखादा कोपरा वर राहिला तर दाबून बसवू नकोस, उचलून बघ. पट्टी घडी पडून खाली आलेली असते.

हे झालं तुझ्या मशिनचं. हे वाचून भावोजींचा नवा पातळ लॅपटॉप उघडायला घेऊ नकोस, एवढं मात्र माझं ऐक. अलीकडच्या पुष्कळ पातळ लॅपटॉपांत कीबोर्ड खालून बसवलेला असतो आणि तो स्क्रूने नाही, प्लास्टिकचे बारके खुंट वितळवून वरच्या झाकणाला पक्का केलेला असतो. ते खुंट डझनांनी असतात. तिथपर्यंत पोचायला आतली बॅटरी, मदरबोर्ड, पंखा, सगळं उतरवावं लागतं. अशा मशिनला नुसता कीबोर्ड बदलण्यापेक्षा कीबोर्डसकट अख्खं ‘सी पॅनल’ बदलतात, म्हणजे हात टेकायचा तो पूर्ण वरचा भाग. ते महाग पडतं आणि ते काम जाणत्याचं आहे. मॅकबुकचंही तेच. अॅपलने २०१५पासून काही वर्षं जो ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड वापरला, त्यात कणभर धूळ गेली तरी बटणं अडायची, आणि शेवटी २०१८मध्ये कंपनीला त्यासाठी मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली. एक कीबोर्ड बदलायला अर्धं मशीन बदलावं लागावं, ही रचना मला मनापासून चुकीची वाटते. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं ते याच कारणाने, की वस्तू विकत घेतली तर ती दुरुस्त करायची माहिती आणि सुटे भागही मिळायला हवेत. तुझ्या टेबलावरचा तो जुना, जाडजूड लॅपटॉप या बाबतीत नव्यांपेक्षा चांगला आहे.

एक गोष्ट मात्र त्याच्याबद्दल खरी सांगते. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचं नेहमीचं सिक्युरिटी अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबलं आणि तुझ्या मशिनचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नाही. म्हणून मी हजार रुपये घालायला सांगतेय, दहा हजार नाही. बँकेचे व्यवहार त्यावर करू नकोस, ते फोनवर कर. टाइपिंग, पानं लावणं, प्रुफं, यासाठी तो अजून मजेत चालेल.

आणि समजा तुला नाहीच जमलं, किंवा त्या दांडीपाशी हात थरथरला आणि तू बंद करून ठेवलंस, तरी काही बिघडत नाही. दुकानात ने. पण तिथे पासवर्ड लिहून देऊ नकोस. कीबोर्ड बदलायला पासवर्ड लागत नाही, बटणं तपासायला पासवर्डच्या चौकोनात टाइप करूनही बघता येतं. ‘समोर बसून करून द्या’ म्हण. जुना कीबोर्ड परत माग, त्याचं लेबल नव्याशी जुळतंय का बघ. तुझ्या त्या मशिनमध्ये लोकांची अप्रकाशित हस्तलिखितं आहेत, त्यांनी ती विश्वासाने दिलीत. ‘बायकांना काय कळतंय त्यातलं’ असं कुणी बोललं तर पार्ट नंबर वाचून दाखव, बोलणं तिथेच थांबतं.

नवा बसला की जुना लगेच टाकू नकोस. परत करायची मुदत संपेपर्यंत ठेव, नव्यात काही निघालं तर जुळवायला लागतो. मुदत संपली की नगरपालिकेचं ई-कचरा गोळा करायचं ठिकाण विचारून तिथे दे, भंगारवाल्याला नको, तो जाळून धातू काढतो. आता उद्या दुपारी तो ३ दाबून बघ आणि काय झालं ते कळव. मी तीननंतर मोकळी आहे, व्हिडिओ कॉल लावून फोन डब्याला टेकवून ठेवलास तर दांडी उचलताना मी बघत राहीन.